मध्यस्थ महादेव आणि दारासुरम्‌ची दगडी कादंबरी

राजाला चटकदार प्रेमकथांचा नाद लागला तर प्रधानाने काय करावं? बाराव्या शतकातला चोळ राजा दुसरा कुलोत्तुंग 'जीवक चिंतामणी' या जैन काव्यात पार बुडाला होता, असं तमिळ परंपरा सांगते. नायक देखणा, शूर आणि एकापाठोपाठ आठ लग्नं करणारा, मग राजाचं चित्त कारभारात कसं राहणार! प्रधान शेक्किळार पडले शिवभक्त. नुसत्या उपदेशाने वाचनाची चटक सुटत नाही हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी ६३ शिवभक्तांच्या कथांचं 'पेरियपुराणम्' लिहून राजापुढे ठेवलं. ते इतकं आवडलं की राजाने लेखकाला हत्तीवर बसवून मिरवलं म्हणे. (आजच्या प्रकाशकांनी नोंद घ्यावी.)

कुलोत्तुंगाचा मुलगा दुसरा राजराज. त्याने कुंभकोणमपासून तीन-चार किलोमीटरवर, दारासुरमला, ऐरावतेश्वराचं मंदिर उभारलं. मुख्य मंदिराच्या जोत्यावर याच भक्तकथांचे छोटे छोटे शिल्पपट आहेत, वर तमिळ मथळे कोरून. म्हणजे वडिलांच्या लाडक्या ग्रंथाची सचित्र आवृत्तीच. नावं ऐकून सोवळं प्रकरण वाटेल, पण या कथांमध्ये रुसवे, सवती, जिवलग मैत्र्या आणि नवरा-बायकोची भांडणं ठासून भरली आहेत.

हिरो नंबर एक: सुंदरर

नावाप्रमाणेच सुंदर. पूर्वजन्मी हे महाशय कैलासावर शिवाच्या सेवेत होते. तिथे पार्वतीसाठी फुलं खुडणाऱ्या कमलिनी आणि अनिंदिता या दोघी सख्या त्यांच्या नजरेत भरल्या, एकदम दोघीही! शिक्षा म्हणून तिघांची पृथ्वीवर रवानगी. इथे सुंदरर बोहल्यावर चढतात तोच एक म्हातारा ब्राह्मण ताडपत्र फडकवत मांडवात शिरतो आणि म्हणतो, हा नवरदेव माझा पिढीजात गुलाम आहे. सुंदरर चिडून ताडपत्र फाडतात. म्हातारा बिलंदर, म्हणतो, ती नक्कल होती, अस्सल माझ्यापाशी आहे. पंचांपुढे अस्सल दस्तऐवज खरा ठरतो, लग्न मोडतं आणि म्हातारा निघतो खुद्द शिव. पुढे हाच मालक सुंदररचा दोस्त होतो, तोही असा की मित्राची सगळी लफडी निस्तरतो.

कुंभकोणमहून चाळीसेक किलोमीटरवरच्या तिरुवारूरला सुंदररना परवै भेटते. लग्न लागतं, संसार थाटला जातो. घरात तांदूळ हवे झाले तर शिवाचे भूतगण रातोरात राशी आणून टाकतात. मग स्वारी तिरुवोट्रियूरला जाते आणि तिथे संगिलीच्या प्रेमात पडते. संगिलीची अट एकच, मला सोडून जाणार नाही अशी देवापुढे शपथ घे. सुंदररचा बेत ऐका. शपथ घ्यायच्या वेळी तू जरा गाभाऱ्यातून उठून बाहेरच्या बकुळीखाली जाऊन बस, असं त्यांनी शिवाला आधीच पटवलं. शिवाने होकार दिला, आणि संगिलीच्या स्वप्नात जाऊन सांगितलं, शपथ बकुळीखालीच घ्यायला लाव!

पुढे सुंदरर संगिलीला सोडून निघाले. शपथ मोडली, डोळे गेले. एक कांचीपुरमला परत मिळाला, दुसरा तिरुवारूरला. पण परवैच्या घराचं दार काही उघडेना, बातमी तिच्या कानावर आधीच पोचली होती. मग सुंदररनी मित्राला गळ घातली आणि मध्यरात्री साक्षात महादेव समजूत घालायला निघाले. पहिल्या खेपेला पुजाऱ्याच्या वेषात गेले. परवैने साफ नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला मूळ रूपात, सगळा लवाजमा घेऊन गेले, तेव्हा कुठे बाई विरघळल्या. मला विचाराल तर इथे खरी नायिका परवै. पहिल्याच विनवणीला विरघळली असती तर कथेत राहिलं काय?

आणि सवती सवती कोण? कैलासावर फुलं खुडणाऱ्या त्याच दोघी मैत्रिणी.

आंब्यावरून मोडलेला संसार

कारैक्कालची पुनीतवती. नवऱ्याने दुकानातून दोन आंबे घरी धाडले, तिने एक दारी आलेल्या शिवभक्ताला वाढला. नवरा जेवायला बसला, एक आंबा खाल्ला, दुसरा मागितला. तिने प्रार्थना केली, हातात आंबा आला. नवरा चाखून म्हणतो, याची चव काही औरच! खरं कळल्यावर त्याला भक्ती सुचली नाही, धडकी भरली. गलबतात बसून पळाला, दुसरं लग्न केलं आणि मुलीचं नाव ठेवलं पुनीतवती. ही पहिली बायको शोधत आली, तर बायको-मुलीसकट तिच्याच पाया पडला. ६३ भक्तांत स्त्रिया तीनच, त्यातली ही एक. कारैक्कालला आजही तिच्या नावाने आंब्यांचा उत्सव होतो.

मंदिरातलं थोडं इकडचं-तिकडचं

पुढचा मंडप चाकं आणि घोडे जोडलेल्या रथाच्या रूपात आहे. बैल आणि हत्ती यांचं एकच डोकं असलेलं शिल्प इथे मिळेल. एका बाजूचं धड हाताने झाकलं की उरतो निव्वळ हत्ती, दुसरं झाकलं की बैल. लहान मुलं इथून हलत नाहीत. बलिपीठाजवळच्या दगडी पायऱ्यांतून सूर निघतात म्हणतात, पण त्यांना आता लोखंडी जाळी लावली आहे. युनेस्कोचं शिक्कामोर्तब झालं २००४ साली. इथला एक द्वारपाल तर चक्क माहेर सोडून आलेला: चोळांनी अकराव्या शतकात चालुक्यांची कल्याणी, म्हणजे आपल्या शेजारचं बसवकल्याण, लुटून तो आणला. तसा लेखही त्यावर आहे. सध्या त्याचा मुक्काम तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात, म्हणजे भोसल्यांच्या घरी.

गावात रेशीम विणणारी सौराष्ट्र मंडळी आहेत. त्यांच्या बोलीत मराठी कानाला मधूनच एखादा ओळखीचा शब्द लागतो.

लेखिका बोलते, मैत्रीण लिहिते

मैत्रीचीच आणखी एक गोष्ट, पण दारासुरमपासून दूर: मद्रासला वै. मु. कोदैनायकी अम्माळ (जन्म १९०१) यांनी बायकांच्या आवडीच्या ११५ कादंबऱ्या लिहिल्या, 'जगन्मोहिनी' मासिक चालवलं. सुरुवातीला त्यांना नीट लिहिता येत नव्हतं. पहिलं नाटक त्यांनी तोंडी सांगितलं आणि पट्टम्माळ या मैत्रिणीने उतरवून घेतलं.

आणि आपली यमुना

आता परत कुंभकोणमला. इथली गाजलेली प्रेमकथा म्हणजे ति. जानकीरामन यांची कादंबरी 'मोहमुळ'. कॉलेजात शिकणारा, गाण्याच्या नादी लागलेला बाबू आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या यमुनेवर जीव टाकतो. यमुनेचे वडील तमिळ ब्राह्मण आणि आई तंजावरची मराठा! १९९५ साली यावर सिनेमाही निघाला. आजीसमोर मोठ्याने वाचावी अशी ही कादंबरी नाही, शेक्किळारनी तर राजाच्या हातून ती नक्की काढून घेतली असती. बाबू पहिल्यांदा मन मोकळं करतो तेव्हा यमुना त्याला ठाम नकार देते. परवैसारखंच. फक्त बाबूकडे पाठवायला महादेव नव्हता, त्यामुळे बिचाऱ्याची वर्षं गेली.