टाईप-सी केबल : वीज कोणी द्यायची, कोणी घ्यायची?

अलीकडे मोबाईल, डोक्याला बांधायची विजेरी, पॉवर बँक अशा बहुतेक साधनांना टाईप-सी केबल लागते. रात्रीच्या पाळीला पाणी धरणाऱ्यांचे या साधनांवाचून चालत नाही. परंतु विजेरी जुन्या चार्जरवर चार्ज होते, नव्यावर होत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मग विजेरी बिघडली असे समजून ती टाकून दिली जाते. बहुधा ती बिघडलेली नसते.

१९९६ साली यूएसबी आली तेव्हा केबलची दोन टोके वेगळी होती. चपटे टोक संगणकाला, चौकोनी टोक उपकरणाला. वीज देणारा कोण, हे टोकावरूनच ठरे. २०१४ साली आलेल्या टाईप-सी केबलची दोन्ही टोके सारखीच असल्यामुळे हे जोडणी झाल्यावर ठरवावे लागते. त्याकरिता केबलमध्ये सीसी नावाची वेगळी तार असते. वीज घेणाऱ्या साधनात या तारेवर ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर असावा लागतो. तो दिसल्याशिवाय टाईप-सी चार्जर ५ व्होल्टसुद्धा सोडत नाही; पाळी कोणाची हे पाहिल्याशिवाय पाटाचे दार उघडू नये, तसेच हे. काही स्वस्त विजेऱ्यांत हा क्षुल्लक किमतीचा रेझिस्टरच गाळलेला असतो. जुन्या चपट्या तोंडाच्या चार्जरवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तेथे ती चार्ज होते. अशा विजेरीसाठी एका बाजूस चपटे व दुसऱ्या बाजूस टाईप-सी टोक असलेली केबल जुन्या चार्जरला लावून वापरावी.

ओळख पटल्यावर पुढची बोलणी त्याच तारेवरून होते. जलद चार्जर ५, ९, १५, २० व्होल्ट अशी आपल्याजवळची यादी सांगतो. मोबाईल त्यातील झेपेल ते मागतो, चार्जर होकार देतो आणि मगच दाब वाढतो. त्यामुळे चांगल्या प्रतीचा ६५ वॅटचा चार्जर लावल्याने लहान मोबाईल जळेल, ही भीती बाळगू नये. ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहासाठी मात्र केबलमध्येही चिप लागते. ती नसल्यास प्रवाह ३ अँपिअरच्या आतच राहतो.

मोबाईल व पॉवर बँक दोघांनाही वीज देता-घेता येते. अशा वेळी क्वचित उलटेच होऊन मोबाईल पॉवर बँकेला वीज देऊ लागतो. केबल काढून पुन्हा लावावी, अथवा मोबाईलच्या यूएसबी सेटिंगमध्ये बदल करावा.

माहितीच्या देवघेवीत सुरुवातीला वीज देणाराच मुख्य धरला जातो. मोबाईलला पेनड्राईव्ह लावल्यास मोबाईल वीजही पुरवितो आणि फोटोही वाचतो. परंतु या दोन भूमिका बोलणी करून वेगवेगळ्या बदलता येतात. चार्जिंगची सोय असलेल्या अडॅप्टरला चार्जर व पेनड्राईव्ह दोन्ही जोडल्यास मोबाईल वीज घेतो, पण मुख्य तोच राहतो. चार्जर मध्येच काढला की वीज देण्याचे काम पुन्हा मोबाईलकडे येते व त्या अदलाबदलीत पेनड्राईव्हची जोडणी तुटू शकते. याकरिता फोटो पूर्ण उतरेपर्यंत चार्जर काढू नये.