हिऱ्याची दोन वाहने

श्रोतेहो, गोवळकोंड्याचा हिरा आपण सर्वांनी ऐकलेला आहे. परंतु गोवळकोंड्याच्या किल्ल्यापाशी हिऱ्याची खाण नव्हती. तेथे होता तो बाजार. हिरे येत ते कृष्णाकाठच्या वाळूगोट्यांच्या थरांतून. मग त्या वाळूत ते आले कोठून, असे विचारू लागलो म्हणजे दोन विलक्षण अग्निज खडकांशी गाठ पडते. एक किंबर्लाइट आणि दुसरा लॅम्प्रोइट.

हिरा या दोहोंपैकी एकाही खडकात जन्मत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तो घडतो भूपृष्ठाखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल. हे खडक त्याची केवळ वाहने होत. वाहनही वेगवान हवे. वाटेत रेंगाळले तर हिऱ्याचे ग्रॅफाइट व्हायचे, नाही तर तो शिलारसात विरघळून जायचा! दख्खनच्या काळ्या पाषाणात सिलिका निम्म्याच्या आसपास असते. किंबर्लाइटात आणि ऑलिव्हीनयुक्त लॅम्प्रोइटात ती त्याहून बरीच कमी, आणि मॅग्नेशियम मात्र विपुल. येथवर दोघे भाऊभाऊच.

भेद आहे तो अंगच्या द्रव्यांत. किंबर्लाइटाच्या रसात कार्बन डाय-ऑक्साइड भरपूर, म्हणून त्यात कॅल्साइट आढळते. लॅम्प्रोइटात पोटॅशियमचा भर फार. त्यात टायटॅनियमयुक्त अभ्रक आणि कित्येकदा ल्यूसाइट हे खनिज असते, कॅल्साइट सहसा नसते. किंबर्लाइटाची नळी गाजरासारखी खोल निमुळती होत जाते. लॅम्प्रोइटाचे मुख नरसाळ्यासारखे पसरट.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे 1871 मध्ये हिऱ्यांची प्रसिद्ध खाण सुरू झाली, तेव्हापासून शोधकांनी किंबर्लाइट हाच हिऱ्याचा मूळ खडक मानला, आणि ओढ्यांच्या वाळूत त्याचे सोबती, म्हणजे गार्नेटाचे तांबडे कण व इल्मेनाइट, धुंडाळले. लॅम्प्रोइटात हे सोबती विरळाच. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात 1906 साली ज्या खडकात हिरे मिळाले, तो कित्येक दशके किंबर्लाइट समजला गेला. 1980 नंतरच्या दशकात तो लॅम्प्रोइट ठरला. ऑस्ट्रेलियात 1979 मध्ये तर एका ओढ्याच्या वाळूत प्रत्यक्ष हिऱ्यांचेच कण मिळाले, आणि त्यांचा माग काढीत शोधक आर्गाइलच्या लॅम्प्रोइटापर्यंत पोहोचले. 2020 मध्ये बंद होईपर्यंत त्या खाणीने 86 कोटी कॅरटांहून अधिक हिरे दिले. बहुतेक लहान व तपकिरी, पण थोडे अप्रतिम गुलाबी. गंमत अशी की, आर्गाइलच्या त्या प्रांताचे नावही किंबर्लीच!

आपल्याकडे आंध्रातील वज्रकरूर व तेलंगणातील नारायणपेठ येथे किंबर्लाइट आहे. पन्न्याजवळच्या मझगावचा खडक आधी किंबर्लाइट म्हणविला गेला, पुढे काहींनी त्यास लॅम्प्रोइट म्हटले, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. नलगोंडा जिल्ह्यात मात्र लॅम्प्रोइट निश्चित सापडले आहेत. म्हणून कृष्णेच्या खोऱ्यात हिऱ्याचे मूळ शोधणाऱ्यास गार्नेटाचे तांबडे कण पाहून थांबता येत नाही. क्रोमाइटचे काळे कणही वाळूतून वेचून तपासावे लागतात.