बोन्साय जमवणाऱ्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते?

जानेवारी २०१९ मध्ये जपानमधल्या कावागुची शहरातल्या एका बागेतून सात बोन्साय चोरीला गेले. त्यातलं एक झाड सुमारे ४०० वर्षांचं होतं. बाग सांभाळणाऱ्या दांपत्याने चोरांना जाहीर विनंती केली, ती आधी झाडांना पाणी घालण्याची.

कारण साधं आहे. चित्र गुंडाळून महिनाभर कपाटात ठेवता येतं, झाड ठेवता येत नाही. उथळ कुंडीत माती जेमतेम असते. कडक उन्हाळ्यात ती काही तासांत सुकते, म्हणून काही झाडांना दिवसातून दोनदाही पाणी लागतं. ठरावीक वर्षांनी झाड कुंडीतून काढून मुळं छाटावी लागतात आणि माती बदलावी लागते. आकारासाठी गुंडाळलेली तार वेळेत सोडली नाही, तर ती सालीत रुतते आणि वण राहतो.

झाड कुठून आलं, हाही प्रश्न आहेच. डोंगरातून जुनी झाडं उपटून आणली, तर त्यातली बरीच जगत नाहीत आणि जंगलाचं नुकसान होतं ते वेगळंच. आपल्याकडे सुरुवात करायला भिंतीच्या फटीत उगवलेलं वडाचं किंवा पिंपळाचं रोप पुरेसं आहे. ते इथल्या हवेत टिकतं. थंड प्रदेशातला पाइन मुंबईच्या बाल्कनीत रमत नाही.

पाणी आणि छाटणीइतकीच महत्त्वाची आहे झाडाची नोंद. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडे १६२५ पासून जोपासलेला पाइन होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर होता. भिंतीच्या आडोशामुळे तो वाचला. १९७६ मध्ये मसारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात आहे. पण तो हिरोशिमातून वाचलेला आहे, ही गोष्ट तिथे उलगडली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. ते आले नसते, तर ती कदाचित हरवलीच असती.

म्हणून प्रत्येक झाडाची वही ठेवावी: प्रजाती, कुठून आणलं, माती कधी बदलली. आपण गावी गेल्यावर पाणी कोण घालणार, आणि आपल्यानंतर झाड कोणाकडे जाणार, हेही आधीच ठरवावं. नीट सांभाळलेलं बोन्साय माणसापेक्षा जास्त जगतं. ते विकत घेणारा त्याचा शेवटचा मालक नसतो. त्याच्या वाट्याला येतात ती मधली काही वर्षं.