कामावरील अपघात आणि भरपाईचा हक्क

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे चादर व टॉवेल यांनी शहराचे नाव देशभर नेले. या वैभवाची दुसरी बाजू रुग्णालयांना पाहावी लागते. यंत्रात सापडलेली बोटे, उडालेल्या धोट्याने जायबंदी झालेला डोळा, रंगणीच्या उकळत्या पाण्याने भाजलेले हातपाय अशा जखमा घेऊन कामगार येथे येतात. जखमेवर उपचार करणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु जखम भरल्यानंतर त्या कुटुंबाने जगावे कसे, हा प्रश्न उरतोच. म्हणून या अहवालात कामगारांच्या भरपाईविषयी थोडक्यात माहिती देत आहोत.

मदत वेगळी, हक्क वेगळा

१८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांत कारखान्याचे मालक, त्यांचे कुटुंबीय व कामगार होते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. राज्य शासनानेही मदत घोषित केली. अशी मदत सानुग्रह असते. ती देणे शासनाच्या इच्छेवर अवलंबून असते, आणि ती मिळाली म्हणून कामगाराचा कायदेशीर हक्क संपत नाही.

हा हक्क जुना आहे. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली संमत झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. मूळ तत्त्वे मात्र कायम आहेत. काम करीत असताना व कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. कामगाराच्या हातून निष्काळजीपणा घडला, एवढ्याने भरपाई नाकारता येत नाही. मद्यपान किंवा सुरक्षेचे साधन हेतुपुरस्सर काढून टाकणे असे अपवाद आहेत. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास तेही लागू होत नाहीत. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही.

दोन वाटा

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. कामावरील अपघातासाठी तिचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. उपचार विनामूल्य होतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. विमा असलेल्या कामगाराला त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

लहान कारखान्यांतील, योजनेबाहेरच्या कामगारांसाठी दुसरी वाट, म्हणजे मालकाकडून भरपाई. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्या कामगारासाठी हा गुणक १८४.१७ आहे. त्याचे वेतन १२,००० रुपये असेल, तर मृत्यूबद्दल ११,०५,०२० रुपये आणि पूर्ण अपंगत्वाबद्दल १३,२६,०२४ रुपये होतात. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे अनुसूची मानते. म्हणजे याच कामगाराला सुमारे ३ लाख ९७ हजार रुपये मिळतील. उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यावयाचा असतो.

अनुसूचीतील टक्केवारी हा मात्र शेवटचा शब्द नव्हे. एका सुताराचा डावा हात कापावा लागला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हे अपंगत्व पूर्ण मानले. कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात केवळ जखम नव्हे, तर रुग्ण कोणते काम करीत होता व ते आता करू शकेल काय, हेही यावयास हवे.

शेजारच्या जिल्ह्यातील एक निकाल

धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीला निघाला असता वाटेतच अपघातात मरण पावला. कारखाना अवघा पाच किलोमीटर उरला होता. भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. अपघात कामावर झाला नाही, असे म्हणत उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश रद्द केला. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. घरातून कामावर जाताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध दिसत असल्यास, कामामुळेच झाला असे मानावे, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. नव्या संहितेतही ते स्पष्ट शब्दांत आले आहे. हा न्याय मिळण्यास बावीस वर्षे लागली, हे विसरून चालणार नाही.

नातेवाइकांनी काय करावे

दाखल करतानाच अपघात कोठे, केव्हा व कोणते काम करताना झाला, ते डॉक्टरांना खरेखरे सांगावे. ‘घरी पडला’ असे सांगण्याचा आग्रह कोणी धरला तरी तसे लिहवून घेऊ नये. पुढे तीच नोंद कुटुंबाच्या विरुद्ध पुरावा ठरते. मालकाला अपघाताची लेखी सूचना द्यावी व तिची पोच जपावी. हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, बँकेतील नोंद, सहकाऱ्यांची नावे असा वेतनाचा जो पुरावा असेल तो सांभाळावा. औषधांची मूळ बिले व रुग्णालयातून सुटी होतानाचे कार्ड हरवू देऊ नये.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते. परस्पर हाती दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा. औद्योगिक कामगार व स्त्रिया यांना १९८७ च्या कायद्यानुसार विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया आम्ही गरजूंच्या उपचारांसाठी मोलाचा मानतो. परंतु ज्याचा खर्च देणे मालकाचे किंवा विम्याचे कर्तव्य आहे, त्याला ते मिळवून देण्यास साह्य करणे हीही त्या देणगीची राखणच आहे. त्यातून वाचलेला निधी, ज्याच्या मागे मालकही नाही व विमाही नाही, अशा रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो. म्हणून कामावर अपघात झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे, की सुटी घेण्यापूर्वी समाजसेवा विभागात अवश्य भेटावे व आपली कागदपत्रे तपासून घ्यावीत.