जुन्या इंजिनाचा रोजमेळ

जर्मनीत १९५० साली आलेली फोक्सवॅगनची ‘टाइप २’ गाडी फिरते घर म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. तिच्या जुन्या इंजिनाला पाणी लागत नाही. ते हवेवर आणि जेमतेम अडीच लिटर तेलावर थंड राहते. संसाराचे ओझे घेऊन घाट चढताना ते फार तापते. व्हॉल्व्हची फट दर ५,००० किलोमीटरला तपासली नाही, तर ती बुजते. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि अखेर जळतो. तेल आणि फट यांची नियमित नोंद ठेवणाऱ्यांची इंजिने मात्र दीर्घकाळ चालतात. पेढीवर रोजमेळ लिहिणाऱ्यांना हे नवे नाही. असलेली वस्तू अप्रमादाने जपून नवीचा हव्यास टाळणे, हाही अपरिग्रहाचाच पाठ होय.