जुन्या संगणकाला इटालियन शिकविताना

इटलीहून परतल्यावर मित्रमंडळी माझ्याभोवती बसली ती मनोऱ्यांची आणि चित्रांची वर्णने ऐकायला. मी मात्र त्यांना एका जुन्या लॅपटॉपची हकीकत ऐकविली.

पेरूजा येथे भाषेचा वर्ग करीत असताना मी एका वृद्ध बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. दिवंगत यजमानांच्या आठवणी त्या लॅपटॉपवर लिहीत. त्यावरील विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजीच थांबलेली, आणि दोन जीबी मेमरीचे ते यंत्र नव्या प्रणालीचे ओझे पेलणारे नव्हते. मुलाचे मत, भंगारात द्या. बाईंचा जीव त्यात अडकलेला.

मी लुबुंटू सुचविली. उबुंटू लिनक्सचेच हे हलके भावंड. पडद्यावरील खिडक्या, मेनू वगैरे सांभाळण्यासाठी ती एलएक्सक्यूटी नावाची सुटसुटीत सजावट वापरते, म्हणून थोड्या मेमरीत चालते. मात्र यंत्र ६४-बिटी हवे. प्रथम बाईंचे सारे लेखन व फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहिली. यात मूळ डिस्कला धक्का लागत नाही, आणि वायफाय, आवाज चालतो की नाही ते आधीच कळते.

माझी समजूत अशी की, यादीतून 'इतालियानो' निवडले की काम झाले! प्रत्यक्षात यंत्राला भाषा तीन ठिकाणी शिकवावी लागते. मेनूंची भाषा ही पहिली. दुसरी अंकांची आणि तारखांची रीत. नकाशावर रोम निवडले की खाली दोन ओळी दिसतात, त्यातली दुसरी या रीतीची. ती मी इंग्रजीच राहू दिली. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. बाईंनी बाजारखर्चात साडेबारा युरो त्यांच्या पद्धतीने लिहिले, तर यंत्र ते बेरजेतच धरेना.

तिसरा कळफलक. तिथे तर माझी फजितीच झाली. हात सवयीचे म्हणून मी अमेरिकन कळफलक ठेवला, बाईंनी सांगितलेला पासवर्ड टाइप केला, आणि मागाहून कळफलक इटालियन केला. दार बंद! पासवर्डात एक आडवी रेघ होती. उजव्या शिफ्टशेजारच्या ज्या कळीवर इटालियन फलकात आडवी रेघ असते, तिथेच अमेरिकन फलकात तिरपी रेघ असते. म्हणजे पासवर्डात तिरपी रेघ जाऊन बसली होती. इटालियन फलकावर ती शिफ्ट आणि सात दाबून मिळते, हे उमगेपर्यंत अर्धी रात्र गेली.

स्थापना करताना इंटरनेट जोडलेले नव्हते, त्यामुळे लिब्रेऑफिस इंग्रजीच राहिले आणि बाईंच्या शुद्ध इटालियनखाली तांबड्या रेघा उमटू लागल्या. त्याचा भाषापॅक व शुद्धलेखनाचा कोश नंतर वेगळा उतरवावा लागला. यात विशेष कठीण काही नाही.

आता खरी गंमत. इटालियनमध्ये नुसता 'ए' म्हणजे 'आणि'; त्याच्या डोक्यावर तिरपा फराटा दिला की 'आहे'. लहान लिपीतल्या फराटेदार अक्षराला स्वतःची कळ आहे, पण वाक्यारंभी लागणाऱ्या मोठ्या अक्षराला नाही. म्हणून कितीतरी इटालियन लोक साधा मोठा 'ए' लिहून पुढे अपॉस्ट्रॉफी ठोकून देतात. बाईंनी जन्मभर मुलांच्या वह्यांत ही चूक लाल शाईने खोडली होती, आणि विंडोजवर त्यांना स्वतःलाच ती करावी लागे! लिनक्सवर कॅप्स लॉक लावून तीच कळ दाबली की मोठे अक्षर फराट्यासकट उमटते. मी ते दाखविले तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि तीच कळ पाचसहा वेळा दाबून पाहिली.

तेथे या कामात मी एकटाच नव्हतो, हे नंतर समजले. टाकाऊ संगणकांवर लिनक्स घालून ते पुन्हा वापरात आणण्याला इटलीत 'ट्रॅशवेअर' म्हणतात आणि स्वयंसेवकांचे गट ते करतात. २००१ पासून गावोगावी 'लिनक्स डे' भरतो.

निघण्याच्या आठवड्यात बाई जुन्या लेखनातल्या अपॉस्ट्रॉफ्या एकेक करून दुरुस्त करीत बसल्या होत्या. "एका आज्ञेत सगळ्या बदलता येतील," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "नको. या निमित्ताने पुन्हा वाचून होते."