जमिनीवर सरळ, पाण्यात वाकडा

मुलांनो, एक कोडं घालते. इंजिन धडधडतंय, काळा धूर ओकतंय, पण होडी मात्र डबक्यातल्या म्हशीसारखी जागची हलत नाही. दोष कुणाचा? "इंजिनाचा!" असंच म्हणालात ना? आमच्या गावातही सगळे तेच म्हणाले होते.

माझी शाळा दाभोळच्या खाडीकाठी आहे. शाळेमागे माडांच्या सावलीत एक जुना मचवा कित्येक वर्षं टेकू लावून उभा होता. तो तांडेल आजोबांचा. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. आजोबांच्या वडिलांनी याच मचव्यातून, शिडाच्या जोरावर, कौलं नि नारळ वाहिले होते. एका उन्हाळ्यात आजोबांनी तो दुरुस्तीला काढला. कुजलेल्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठासला, वरून तेल चोपडलं. शीड ठेवलंच, पण वारा पडला तर अडायला नको म्हणून १० अश्वशक्तीचं जुनं डिझेल इंजिनही बसवलं. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. मिस्त्रीने तो इतका सरळ जोडला होता, की इंजिन बंद असताना माझ्या चौथीतली एक मुलगी तो एका हाताने गरागरा फिरवायची. रोज मधल्या सुट्टीत तिचा तोच खेळ!

आजोबांनी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. धाकटा मुलगा कुरकुरायचा, "बाबा, हे लाकूड चुलीत घाला नि फायबरची होडी घ्या." आजोबा नुसते हसायचे.

कोजागिरीच्या उधाणाला मचवा पाण्यात गेला. पहिल्या दिवशी काय पळाला म्हणता! पण आठवडाभरात त्याचा वेग मंदावला. सगळा मचवा थरथरू लागला. शाफ्ट जिथून बाहेर पाण्यात जातो, तिथली पितळी पेटी हात लावू देईना, इतकी तापायची. आणि एका संध्याकाळी, ऐन ओहोटीत, खाडीच्या मध्यावर इंजिन घुसमटून बंद पडलं. मचवा समुद्राकडे वाहत निघाला. आजोबांनी शीड चढवलं, म्हणून सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी मुलाने गिऱ्हाईकच आणलं, इंजिन विकायला.

"आठ दिवस थांब," आजोबा म्हणाले, "मग वीक."

आता शोध कसा घेतला ते पाहा. आधी सोपं, मग अवघड. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालू केलं. सुरेख चाललं, धूरही साफ. म्हणजे डिझेल आणि हवा दोन्ही नीट मिळत होतं. गिअर टाकला की मात्र काळा धूर. इंजिनाला झेपेना असं ओझं कुठून तरी पडत होतं.

ओहोटीला मचवा चिखलावर बसला, तेव्हा पंखा तपासला. त्यात नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला! सगळ्यांना वाटलं, सापडला चोर. तुकडा कापला, पाते घासून लख्ख केले. भरतीला पुन्हा पाहिलं, तर येरे माझ्या मागल्या. पंखा शाफ्टवर सैल होऊन घसरत असेल का? नाही. तसं असतं तर इंजिन उलट हलकं होऊन सुसाट पळालं असतं.

कुणीतरी म्हणालं, मोठा पंखा लावा. यावरून मला फ्रान्सिस पेटिट स्मिथ आठवला. हा इंग्लंडमधला शेतकरी. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात तो आपली छोटी वाफेची होडी चालवून पाहत होता. तिला लाकडी मळसूत्र होतं, दोन वेढ्यांचं. एक दिवस ते कशावर तरी आपटलं आणि निम्मं तुटून गेलं. आणि होडी? ती जास्त जोरात पळू लागली! पंख्याचं माप इंजिनाला आणि होडीला साजेसं लागतं, नुसतं मोठं असून भागत नाही. आमचा पंखा तर पहिल्या दिवशी छान चालला होता, मग तो बदलायचा कशाला?

इतक्यात आमची चौथीतली मुलगी म्हणाली, "बाई, आता दांडा फिरतच नाही." इंजिन बंद होतं, गिअर न्यूट्रलला होता. (चालू इंजिनाच्या शाफ्टजवळ चुकूनही जायचं नाही हं!) दोन्ही हातांनी जोर लावला तरी शाफ्ट जेमतेम हलत होता. मिस्त्रीने इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांचे बोल्ट सोडले. टक्! शाफ्ट बाजूला उसळला, आणि आता एका बोटाने फिरू लागला. दोन चकत्या वरच्या बाजूला चिकटलेल्या, खाली मात्र पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

सरळ जोडलेला शाफ्ट वाकडा कसा झाला? तुमच्या घरातलं लाकडी दार आठवा. उन्हाळ्यात सहज लागतं, पावसाळ्यात फुगून अडकतं. मचवा कित्येक वर्षं कोरडा उभा होता. फळ्या आक्रसल्या होत्या, अंग टेकूंवर तोललेलं होतं. पाण्यात गेल्यावर फळ्या पाणी पिऊन फुगल्या, टेकूंच्या जागी पाण्याने अंग उचलून धरलं, आणि मचव्याचा आकार जरासा बदलला. इंजिनाचा पाया हलला, शाफ्टची नळी हलली. लोखंड बिचारं कसं वळणार? ते नुसतं घासत राहिलं.

मिस्त्री जरा ओशाळला. लाकडी होडी भिजून स्थिर झाल्यावर, ती पाण्यात तरंगत असतानाच ही जोडणी पुन्हा तपासायची असते. ते राहूनच गेलं होतं. मचवा आणखी आठवडाभर तसाच ठेवला. मग मिस्त्रीने इंजिनाच्या पायांखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सरकवायला सुरुवात केली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजायची, नट पिळायचा, पुन्हा मोजायची. चार इंची चकतीला एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फार तर इंचाच्या चार हजारांश भागाचा फरक चालतो. म्हणजे तुमच्या वहीच्या एका पानाची जाडी! अख्खी दुपार गेली. धाकटा मुलगाच बॅटरी धरून बसला होता.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आजोबांनी आमच्या वर्गाला पलीकडच्या तीरावर नेलं. वाटेत त्यांनी पितळी पेटीला हात लावून पाहिला. कोमट. शाफ्ट फिरताना तिच्यातून पाण्याचे थेंब पडत होते. "गळतंय!" म्हणून मुलं ओरडली.

"गळू दे," आजोबा म्हणाले. "मिनिटाला दोन-चार थेंब हवेतच, ते शाफ्ट थंड ठेवतात. मोजा बघू किती पडतात."

मग काय, पलीकडचा धक्का येईपर्यंत खाडीकडे कुणी पाहिलंच नाही!